अलिबागची एक दिवसाची सहल : घड्याळ समुद्राचे

मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, अशा समुद्रकाठच्या ऐतिहासिक गावांत अलिबागचा क्रमांक बराच वरचा आहे. पावसाळा सरून समुद्र शांत झाला की शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह सामूहिक सहली निघू लागतात. ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांची मंडळे, कार्यालयांतील गट, इतिहासाची आवड असलेली मंडळी असे सर्व प्रकारचे लोक त्यांत असतात. बोटीचे तिकीट, नाश्ता, जेवण, पुढची बस आणि गाइड हे सारे एकाच रकमेत मिळते. तरीही या सहलींहून परतणाऱ्या अनेकांनी कुलाबा किल्ला पाहिलेला असतो तो केवळ किनाऱ्यावरून. ‘पाणी होते, जाता आले नाही’ हे वाक्य अलिबागहून परतणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते.

पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. ते केव्हा येणार आणि केव्हा जाणार, हे आधीच ठाऊक असते. म्हणजे किल्ला चुकतो तो बहुधा सहलीच्या आखणीत. आयोजकाने रविवार पाहिलेला असतो, बोटीची वेळ पाहिलेली असते, खानावळही सांगून ठेवलेली असते. ओहोटीची वेळ मात्र किनाऱ्यावर पोहोचल्यावर घोडागाडीवाल्याला विचारली जाते. वास्तविक अलिबागच्या सहलीचे वेळापत्रक ओहोटीपासूनच सुरू व्हायला हवे. उरलेला सगळा दिवस तिच्या मागेपुढे बसवता येतो.

तिथी आणि भरती

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत, खडकाच्या एका बेटावर उभा आहे. भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. पूर्ण ओहोटीला मात्र वाळू आणि खडकांवरून चालत त्याच्या दरवाजापर्यंत जाता येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यामुळे आज ज्या वेळी भरती आली, त्यापेक्षा उद्या ती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. गेल्या रविवारी सकाळी दहाला किल्ल्यात गेलेल्या गटाचा अनुभव ऐकून या रविवारी त्याच वेळी जाणाऱ्यांची फसगत होते, ती याच कारणाने.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि पुन्हा दुपारी. तिच्या सहा-सव्वासहा तासांनंतर, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला, ओहोटी पूर्ण होते. पंचमीला ती दहाच्या आसपास येते. एकादशीला भरती सव्वाआठला आणि ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती ऐन दुपारी, तर ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी; म्हणजे दिवसाच्या सहलीच्या दृष्टीने दोन्हीही अडचणीच्या.

हे गणित इथेच संपले असते तर बरे होते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरतीचे पाणी फार चढते आणि ओहोटीचे पाणीही फार दूर जाते. अष्टमीच्या आसपास याच्या उलट, ज्याला किनाऱ्यावर ‘भांग’ म्हणतात, तो प्रकार असतो. भांगाच्या दिवसांत पाणी चढतेही थोडे आणि ओसरतेही थोडे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून तो दिवस सहलीला सर्वोत्तम असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर पाणी उरण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा मधल्या तिथी निवडाव्यात. सकाळी किल्ला पाहायचा असेल तर तृतीया ते पंचमी आणि दुपारी पाहायचा असेल तर दशमी ते द्वादशी या तिथींना पाणीही बऱ्यापैकी ओसरते आणि वेळही सोयीची पडते.

तिथीचे गणित अंदाजासाठी आहे. दिवस ठरवताना ते उपयोगी पडते. नक्की वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, आणि आता मोबाइलवरही ती सहज पाहता येतात. चांगला आयोजक महिना-दोन महिने आधी कोष्टक समोर ठेवूनच रविवार निवडतो. सहलीच्या जाहिरातीत दर रविवारी सकाळी अकराला ‘किल्लादर्शन’ छापलेले असेल, तर कोष्टक पाहिले गेलेले नाही असे खुशाल समजावे.

पाण्यात जाण्या-येण्याचा नियम मात्र साधा आहे. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघावे आणि ती पूर्ण झाल्यानंतर तासाभरात किनाऱ्यावर परत असावे. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला ते इतके हळू येते की आल्याचे जाणवतही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मात्र एकूण वाढीपैकी जवळपास निम्मे पाणी चढते. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. म्हणजे या दोन तासांत पाणी माणसाच्या डोक्याएवढे वाढू शकते. तटावर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्याला ‘अजून पाणी लांब आहे’ असे वाटते ते नेमके त्याच्या आधीच्या तासात.

तटाआड

ज्या पाण्यामुळे सहलीचे वेळापत्रक अडते, त्याच पाण्याच्या भरवशावर हा किल्ला बांधला गेला. शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये त्याच्या बांधकामास प्रारंभ केला. पुढच्याच महिन्यात महाराजांचे निधन झाले आणि काम संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. महाराजांनी हाती घेतलेल्या अखेरच्या दुर्गांपैकी हा एक. तटासाठी मोठमोठे चिरे चुना न वापरता एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचे पाणी दगडांमधल्या फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि तटाला बसणारा धक्का कमी होतो, असे यामागचे कारण सांगितले जाते. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे हा तट उभा आहे, हे तर डोळ्यांनी दिसतेच.

किल्ल्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावर सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे. मुख्य किल्ल्यापासून तिथपर्यंत दगडी बांधाची वाट दिसते. घाईतल्या सहली त्याकडे फिरकत नाहीत. वास्तविक किल्ल्याची आखणी समजून घ्यायची तर सर्जेकोट पाहावाच लागतो. तो खडक मोकळा राहिला असता तर शत्रूला तिथे तोफा चढवून मुख्य तटावर मारा करता आला असता. म्हणून त्यावर वेगळा कोट बांधून ती जागाच आपल्या हाती ठेवली गेली.

किल्ल्याला खरी कीर्ती लाभली ती कान्होजी आंग्रे यांच्यामुळे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूस आले आणि सरखेल म्हणून आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती राहिली. त्यांचे दस्तक न घेता या किनाऱ्यावरून जाणारे जहाज ते अडवीत. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना चाचा म्हटले गेले, ते त्यामुळेच. स्वतः इंग्रज आणि पोर्तुगीजही असेच परवाने देत आणि परवाना नसलेली जहाजे पकडत. त्या काळच्या समुद्रावरची ती रीतच होती. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रजांची लढाऊ जहाजे कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली समुद्रात होती आणि किनाऱ्यावर दोघांच्या फौजा उतरल्या होत्या. शाहू महाराजांनी बाजीराव पेशव्यांना आंग्र्यांच्या मदतीस धाडले. हल्ला फसला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी स्वतंत्रपणे तह केला, तो वरसोली येथे. आज तेच वरसोली तिथल्या किनाऱ्यासाठी आणि हॉटेलांसाठी पर्यटकांना ठाऊक आहे. तहाचा उल्लेख तिथे जाणाऱ्या सहलींमध्ये क्वचितच होतो.

किल्ल्याच्या आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. राघोजी आंग्रे यांनी ते १७५९ मध्ये बांधले. गणपतीसह पंचायतनाच्या मूर्ती, समोर पुष्करणी आणि आजही चालू असलेली पूजाअर्चा यांमुळे किल्ल्याचा हा भाग जिवंत वाटतो. माघी गणेशोत्सवात अलिबागकरांची इथे गर्दी होते. मंदिराखेरीज आंग्र्यांच्या वाड्यांचे चौथरे आहेत, दर्गा आहे, आणि सभोवती खारे पाणी असताना गोडे पाणी देणारी विहीर आहे. वाडे मुख्यतः लाकडी होते आणि अठराव्या शतकातील आगींत किल्ल्यावरच्या इमारतींची बरीच हानी झाली. ‘इतक्या मोठ्या किल्ल्यात राहायला घरे कुठे होती’ हा प्रश्न गटातील कुणी ना कुणी विचारतोच, त्याचे उत्तर या चौथऱ्यांत आहे.

उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. किल्ल्यावर सर्वाधिक छायाचित्रे बहुधा त्यांचीच निघत असतील. पुष्कळदा त्या आंग्र्यांच्या तोफा म्हणून दाखवल्या जातात. त्यांवरील अक्षरे वाचली तर त्या इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लो मूर येथील कारखान्यात ओतलेल्या असून साल १८४९ असल्याचे दिसते. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्येच वारसाच्या प्रश्नावरून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. म्हणजे या तोफांनी कान्होजींची लढाई पाहिलेली नाही. मार्गदर्शकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर याहून सोपी जागा नाही. जो तोफेवरची अक्षरे वाचून दाखवतो, त्याच्या इतर माहितीवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. कुलाबा त्या बारांत नाही, हेही सांगायला हवे. अलीकडे काही ठिकाणी तसा गैरसमज दिसतो. यादीत आहे तो शेजारचा खांदेरी. थळच्या समोर समुद्रात असलेल्या या बेटाच्या तटबंदीचे काम १६७९ मध्ये सुरू झाले, आणि ते थांबवण्यासाठी आलेल्या इंग्रजांशी मराठ्यांची झुंज तिथेच झाली. किल्ल्यावर जायचे तर वेगळी बोट आणि वेगळा दिवस हवा. मात्र हवा स्वच्छ असेल तर थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि त्याच्या अलीकडचा उंदेरी दोन्ही नजरेस पडतात.

गावात काय पाहावे

किल्ल्याची वेळ सांभाळून उरलेले तीन-चार तास बहुतेक सहली किनाऱ्यावरच्या घोडागाड्या, मोटारबोटी आणि भेळ यांत घालवतात. त्यात गैर काही नाही. सहल म्हणजे शिकवणी नव्हे. पण अलिबाग गाव पायी फिरण्याजोगे आहे आणि फारसे मोठेही नाही. छत्रीबागेत कान्होजींची समाधी आहे. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. समाधीचे दगडी काम निवांतपणे पाहण्यासारखे आहे. तलावाजवळचा हिराकोट कान्होजींनीच १७२० मध्ये बांधला. पुढे त्याचा उपयोग तुरुंग म्हणून झाला, त्यामुळे तो बाहेरूनच पाहायचा.

गावाच्या नावाबद्दल एक आख्यायिका आहे. अली नावाच्या धनिकाने इथे विहिरी खोदल्या, आंबा-नारळाच्या बागा लावल्या, म्हणून ‘अलीची बाग’. हा अली कुणी मुसलमान सांगतात, कुणी बेने इस्रायली. दुसरा तर्क अगदीच निराधार वाटत नाही, कारण बेने इस्रायली समाजाचे या किनाऱ्याशी नाते फार जुने आहे. पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले आणि वाचलेली मंडळी इथेच स्थायिक झाली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी ही मंडळी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. मराठी बोलणारा हा समाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. अलिबागेत इस्रायल आळी आणि तेथील मागेन अबोथ सिनेगॉग आजही आहे. प्रार्थनास्थळ असल्याने मोठ्या गटाने आगाऊ विचारूनच जावे.

चुंबकीय वेधशाळा हे अलिबागचे आणखी एक आश्चर्य. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतली जात होती. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या विद्युतप्रवाहामुळे मोजमापे बिघडणार हे स्पष्ट झाले आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. चुंबकत्वाचा परिणाम होणार नाही असेच साहित्य इमारतीसाठी वापरले गेले. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मगच काम इकडे हलवण्यात आले. मुंबईचा कुलाबा सोडून वेधशाळा गेली ती पुन्हा कुलाबा जिल्ह्यातच. या जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. आत जायचे तर परवानगी आधी घ्यावी लागते. शाळांच्या आणि विज्ञानाची आवड असलेल्या गटांनी ती जरूर मागावी.

‘अलिबागसे आया है क्या?’ या मुंबईतल्या शेऱ्यावर बंदी घालावी, अशी याचिका एका अलिबागकराने उच्च न्यायालयात केली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्या गावाने इंग्रज-पोर्तुगीजांना एकदम परतवले त्याचे नाव भोळेपणासाठी वापरावे, हा विनोद मुंबईकरांनी स्वतःवरच केलेला दिसतो.

अक्षी, चौल, रेवदंडा : घ्यावे की सोडावे?

सहल कंपन्यांच्या पत्रकांत ‘अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड-जंजिरा एका दिवसात’ असे छापलेले आढळते. हे शक्य आहे, पण मग दिवसाचा बराचसा भाग बसमध्ये जातो आणि कुठल्याच ठिकाणी तासभरही मिळत नाही. जंजिऱ्याला स्वतंत्र दिवसच द्यावा. ओहोटी सकाळची असेल आणि किल्ला अकरापर्यंत पाहून झाला असेल, तर मात्र दुपारी रेवदंड्यापर्यंत जाऊन येण्यात अर्थ आहे. अलिबागपासून ते सतरा-अठरा किलोमीटरवर आहे.

वाटेत अक्षी लागते. तेथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. शिलाहार राजा केसिदेवाचा त्यात उल्लेख आहे. हा शिलालेख वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता आणि त्याला ओलांडून हजारो मोटारी किनाऱ्याकडे जात होत्या. सहलीतील बसने इथे दहा मिनिटे थांबावे. याहून जास्त वेळ लागत नाही आणि याहून कमी वेळात हजार वर्षांपूर्वीचे मराठी पाहायला मिळत नाही.

चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या लिखाणात ते ‘सिमुल्ला’ या नावाने येते आणि अरब प्रवाशांच्या वर्णनांत ‘सैमूर’ म्हणून. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात भारतात उतरला तो चौललाच. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला; त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढे पोर्तुगीजांनी इथे पाय रोवले आणि १५२१ पासून रेवदंड्याचा कोट बांधायला घेतला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज अलिबाग-मुरूड रस्ता या कोटाच्या तटातूनच आत शिरतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांत चर्चच्या भिंती उभ्या दिसतात आणि ‘सातखणी’ नावाचा उंच मनोरा लांबूनही लक्ष वेधतो. मनोऱ्याखाली आणि तटांवर चढण्याचा मोह टाळावा. चिरे सैल झालेले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे घरात आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली एक वेगळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी ती टिकून आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा एकदा यायला हवे.

जाणे-येणे

गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत प्रवासी बोटीने साधारण एक तास लागतो. मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर असून अनेक बोटींच्या तिकिटातच पुढच्या बसचे भाडे धरलेले असते. पावसाळ्यात, जून ते ऑगस्टपर्यंत, गेटवेची ही सेवा बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तिच्यातून मोटारीही नेता येतात आणि हवामान अनुकूल असल्यास ती पावसाळ्यातही चालते. रस्त्याने पेण-वडखळमार्गे जाता येते. मुंबईच्या कुठल्या भागातून निघायचे यावर अंतर अवलंबून असले तरी ते शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीकडून निघणाऱ्यांचा वेळ वाचतो. वडखळपुढे सुटीच्या दिवशी होणारी कोंडी मात्र कुणाच्याच हाती नाही. ओहोटी गाठायची असेल तर जाताना बोटच बरी.

बोटीत बसल्यावर रक्षकजाकीट अंगात घालावे, पायाखाली ठेवू नये. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडाली. पोलिसांची गस्ती नौका जवळच असल्याने तीतील ८८ प्रवासी वाचले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा मात्र दहाहून अधिक जणांचे प्राण गेले.

गट आणि गाइड

एकटादुकटा पर्यटक पाणी पाहून मागे फिरतो. गट फिरत नाही, कारण पुढचा चालतो आहे म्हणून मागचाही चालत राहतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. सोबत शिक्षक होते, दिवस स्वच्छ होता आणि वादळाचे नावही नव्हते. या घटनेनंतर सहलींच्या नियमांची बरीच चर्चा झाली. अलिबागला गट नेणाऱ्याने त्यातून किमान दोन गोष्टी उचलायला हव्यात. किनाऱ्यावरून निघताना आणि किल्ल्याच्या दरवाजातून परत निघताना डोकी मोजावीत, आणि रांगेच्या शेवटी चालणारा माणूस गाइडइतकाच जाणता असावा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. त्या दिवशी ओहोटी किती वाजता पूर्ण होते? गट किल्ल्यात किती वाजता शिरणार आणि किती वाजता बाहेर पडणार? एका गाइडमागे माणसे किती? पंचवीस-तीसहून अधिक लोकांना तटावरच्या वाऱ्यात एका माणसाचा आवाज ऐकू जात नाही, मग पाठीमागचे लोक आपापल्या गप्पांत रमतात. उशीर झाला आणि किल्ला चुकला तर बदली कार्यक्रम काय? याला ‘बघू तेव्हा’ असे उत्तर आले तर दुसरा आयोजक शोधावा. गाइड स्थानिक असेल तर उत्तम. कोळीवाड्यात वाढलेल्याला पाण्याचा रंग पाहूनच सुकती कुठवर आली हे कळते. सुकती म्हणजे ओहोटीच. इतिहासाचे वाचन असलेला मुंबईचा गाइड आणि पाण्याची जाण असलेला स्थानिक माणूस अशी जोडी काही आयोजक देतात, आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे पडले तरी ते वाया जात नाहीत.

ज्येष्ठांसाठी घोडागाडीची सोय आहे. पाणी पूर्ण ओसरलेले नसतानाही ती जाते, पण जाण्याचे आणि परतीचे दर चढण्यापूर्वीच ठरवावेत आणि तीच गाडी परत नेणार आहे ना, हे विचारून घ्यावे. चालणाऱ्यांनी पट्ट्याच्या चपला घालाव्यात. खडकांवर शेवाळ असते आणि चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात. किल्ल्यावर सावली कमी आहे, तेव्हा टोपी आणि पाणी सोबत हवे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असून प्रवेशाला तिकीट आहे. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. समुद्र त्या भरतीबरोबर अलिबागच्याच किनाऱ्यावर आणून टाकतो.

जेवणाची चिंता अलिबागेत करावी लागत नाही. ताज्या मासळीची ताटे देणाऱ्या खानावळी गावात आहेत, शाकाहारी गटांचीही सोय होते; तीस-चाळीस जणांचा गट असेल तर आदल्या दिवशी कळवणे बरे. ओहोटी दुपारची असेल तर जेवण आधी आणि हलके घ्यावे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडके यांची पोपटी इथल्या वाड्यांत लागते, पण ती रात्रीची गंमत. एका दिवसात परतणाऱ्यांच्या वाट्याला ती सहसा येत नाही. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन जाव्यात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा चवीला गोडसर असतो.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ ऋतूनुसार बदलते. ती मांडव्याला पोहोचल्यावर सकाळीच विचारून घ्यावी, आणि अलिबागहून बस निघण्याची वेळ तिच्याआधी किमान दीड तासाची धरावी.